नोंद कुणाची टिकते?

2020 च्या जूनमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवून बसलेल्या मिनियापोलिसच्या पोलिसाचा व्हिडिओ जगभर फिरत होता. आपल्याकडेही पुण्या-मुंबईतल्या कितीतरी जणांनी आपापल्या खात्यांवर काळा चौकोन लावला, अमेरिकी पोलिसांच्या वर्णद्वेषावर भरभरून लिहिलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त त्याच पंधरवड्यात मुंबई पोलिसांनी 16 वर्षं निलंबित असलेल्या चौघांना पुन्हा सेवेत घेतलं, आणि त्यावर चौकोन सोडा, साधं टिंबही फारसं कुणी लावलं नाही.

ते चौघे ख्वाजा युनूस प्रकरणातले आरोपी. युनूस परभणीचा, अभियंता, दुबईत नोकरीला. 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला अटक झाली आणि जानेवारी 2003 मध्ये तो ‘पळून गेला’. त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि त्या गडबडीत तो निसटला, असं पोलिसांचं म्हणणं. पुढे सीआयडीने तपास केला तेव्हा ही जीपची गोष्ट रचलेली असल्याचं आणि युनूसचा मृत्यू कोठडीतच झाल्याचं समोर आलं. 14 पोलिसांची नावं पुढे आली. राज्य सरकारने खटला चालवायला मंजुरी दिली ती चौघांपुरती. 2004 मध्ये निलंबित झालेले हे चौघे 2020 मध्ये परतले, खटल्याचं घोंगडं मात्र भिजतच पडलं. त्यांच्यातल्या सहायक पोलीस निरीक्षकाचं नाव सचिन वाझे. पुढच्याच वर्षी अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली, ते बडतर्फ झाले, आणि मग कुठे महाराष्ट्राला प्रश्न पडला की हा माणूस परत आलाच कसा. युनूसच्या आईला तो प्रश्न आधीच पडला होता. ती त्यासाठी हायकोर्टात अवमान याचिका घेऊन गेलीही होती.

मला जे म्हणायचं आहे ते या प्रकरणाच्या कागदांत दिसतं. आपल्या पोलीस व्यवस्थेची स्मरणशक्ती विलक्षण आहे, पण ती एकाच बाजूने चालते. संशयिताची, त्याच्या बापाची, त्याच्या वस्तीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. पोलिसाच्या कसुरीला मात्र मुदत असते, आणि ती मुदत संपेपर्यंत वाट पाहण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. कुठल्या शिपायाच्या मनात कुणाबद्दल किती विष आहे, हे मोजायचं कुणी आणि कसं? कागद मात्र तपासता येतात.

वर्तमानपत्रातला तो फोटो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मागे ओळीने उभं राहिलेलं पथक, मधोमध साहेब, पुढे जमिनीवर उकिडवे बसवलेले पाच जण, डोक्यावरून काळे बुरखे. शेजारी टेबलावर मांडलेला मुद्देमाल: कोयता, दोरी, कटावणी, स्क्रू ड्रायव्हर आणि मिरचीपूड. मिरचीपूड हमखास. मथळा ‘दरोड्याच्या तयारीतील सराईत टोळी जेरबंद’. माणसं निदान पाच लागतात, कारण कायद्यात पाच जणांशिवाय दरोडा होत नाही. चार असतील तर ती नुसती जबरी चोरी. शिवाय ‘तयारी’च्या गुन्ह्यात फिर्यादही बहुधा पोलीसच देतो, कारण अजून कुणाचं काही गेलेलंच नसतं. यातली काही प्रकरणं खरी असतात, असणारच. पण बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत येणारी आडनावं कधी सलग वाचून पाहा: काळे, भोसले, पवार, शिंदे, चव्हाण. शहरातल्या वाचकाला त्यात काही वेगळं दिसणार नाही. गावाकडच्या ठाण्यात मात्र त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या वस्तीवरचा? पारधी ना?

ही नजर आली कुठून, हे महाराष्ट्रात नव्याने सांगायची गरज नाही, म्हणून थोडक्यात. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, पुढे मुंबई इलाख्यातली त्याची अंमलबजावणी, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, रोजची हजेरी, गाव सोडायला पास. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशभरातून गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मग 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. आता कागदावर जमातीचं नाव लिहायची गरज उरली नाही, ‘सराईत’ लिहिलं की भागतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 122 आजही असं सांगतं, की चोर म्हणून लौकिक असलेला माणूस सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर घुटमळताना आढळला आणि त्याला समाधानकारक कारण देता आलं नाही, तर तो गुन्हा. लौकिक ठरवणार कोण? ठाण्यातलं रजिस्टर. आणि पालावर राहणारा माणूस रात्री रस्त्याच्या कडेला नाही आढळणार तर कुठे आढळणार?

आता एका खटल्याकडे जरा थांबून पाहू. तो महाराष्ट्रात जितका गाजायला हवा होता त्याच्या शतांशानेही गाजला नाही.

2003 च्या जूनमधली एक रात्र. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीत सात-आठ जण शिरले. लूट, बलात्कार, आणि पाच जणांचा खून. आई आणि मुलगा जखमी होऊन कसेबसे वाचले. इतका भयानक गुन्हा झाला की पोलिसांवर दडपण येतंच, आणि ते यायलाही हवं. दोनच दिवसांनी, 7 जूनला, वाचलेल्या आईला पोलिसांच्या अल्बममधले फोटो दाखवले गेले. हा अल्बम रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचा. तिने त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं. म्हणजे जिच्या डोळ्यांसमोर घरची माणसं मारली गेली, ती बाई दोन दिवसांच्या आत नेमके चेहरे दाखवते आहे आणि ते चेहरे पोलिसांच्याच दप्तरात आहेत. तपासाला याहून मोठा धागा कोणता हवा? त्या चौघांचा शोध पुढे नेलाच गेला नाही. आरोपी म्हणून उभे राहिले ते दुसरेच सहा जण, सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे.

2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झालं. पुनर्विचार याचिकांचा निकाल लागून प्रकरण नव्याने ऐकलं गेलं आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अल्बममधल्या त्या चार फोटोंचं काय झालं, हा प्रश्न निकालात ठळकपणे आला. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही कोर्टाने लिहिलं. कोठडीत आणि तुरुंगात 16 वर्षं गेली. राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

अशा निकालानंतर चर्चा निर्दोषांवर थांबते. माझ्या डोळ्यांसमोर ती आईही येते. तिने दोन दिवसांत दिलेला पुरावा 16 वर्षं फाइलीत पडून राहिला आणि तिच्या घरातली माणसं मारणारे मोकळे सुटले. जातीवर संशय ठेवून केलेला तपास हा पीडितावर झालेला दुसरा अन्याय असतो. ‘पोलिसांचे हात बांधले तर गुन्हेगार मोकाट सुटतील’ असं जे सतत ऐकवलं जातं, त्याला या खटल्याने दिलेलं उत्तर स्वच्छ आहे. हात पूर्ण मोकळे होते, आणि खरे गुन्हेगार तरीही सुटले.

त्याच निकालात कोर्टाने गृहखात्याला आणखी एक सांगितलं: तपासात कसूर करणारे अधिकारी कोण ते शोधा आणि तीन महिन्यांत त्यांच्यावर विभागीय कारवाई करा. आता महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, 1982 उघडा आणि नियम 27 वाचा. कर्मचारी निवृत्त झाल्यावर त्याच्याविरुद्ध विभागीय चौकशी सुरू करायची असेल, तर ती चौकशी सुरू होण्याच्या आधीच्या चार वर्षांतल्याच घटनेबद्दल करता येते. घटना 2003 ची, निकाल 2019 चा. मधल्या काळात जो निवृत्त झाला, त्याच्यासाठी हा दरवाजा केव्हाच बंद झालेला. फौजदारी बाजूलाही तशीच मेख आहे. पोलीस अधिनियमाच्या कलम 161 प्रमाणे कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर सहा महिन्यांत, आणि सरकारची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षांत खटला भरावा लागतो. कोठडीतली मारहाण हे कर्तव्यच नव्हे, असा युक्तिवाद करून यातून वाट काढता येते, पण ती वाट काढायला वकील लागतो, वर्षं लागतात. एखाद्या फाशीच्या कैद्याने कोठडीतून हे सगळं सहा महिन्यांत कसं साधायचं, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

पारध्याच्या पोरावरची नोंद बापाकडून चालत येते आणि पोलिसाची कसूर चार वर्षांत कालबाह्य होते, ती अशी.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की आपलं पोलीस दल बहुजनांच्या पोरांनीच भरलेलं आहे. तिथे गोऱ्या-काळ्यासारखी फळी आहेच कुठे? खरं आहे. शेतकऱ्याची, मजुराची पोरं पहाटे मैदानावर धावून, घाम गाळून भरती होतात. पण ठाण्यात आल्यावर त्यांना शिकवणारं काय असतं? आधीच्यांनी लिहिलेलं रजिस्टर, आधीच्यांनी लावलेली सवय. वस्तीवर पहाटे कोम्बिंग करायचं, बायकांच्या अंगावरचे दागिने ‘पावती दाखव’ म्हणत तपासायचे, पोरांना उचलून आणायचं, मग बघायचं. हे करायला जातीचा द्वेष मनात असावाच लागतो असं नाही. न करणाऱ्याला ‘काम येत नाही’ असं म्हटलं जातं, एवढं पुरेसं आहे. दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. बंदोबस्त, व्हीआयपी दौरे, बारा-बारा तासांची ड्यूटी, संघटना करायची मुभा नाही, आणि दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये एकच विचारणा: डिटेक्शन किती? हेही खरं. पण या दडपणाचा भार अखेर कुणाच्या पाठीवर उतरतो ते पाहा. ज्याच्यासाठी आमदाराचा फोन येत नाही, ज्याला वकील ठाऊक नाही, ज्याच्या घराला पत्ता नाही, त्याच्याच. ओझ्याचं कारण सांगून निवड कशी झाली याचं उत्तर मिळत नाही.

1998 मध्ये श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळासमोर आला. 1992-93 च्या मुंबई दंगलीत पोलीस दलात मुसलमानांविरुद्ध मुरलेला कल दिसला, असं त्यात लिहिलं होतं आणि 31 पोलिसांवर ठपका होता. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनाच्या तपासाबद्दलचा मॅकफर्सन अहवाल आला आणि तिथला वर्णद्वेष चार-दोन पोलिसांपुरता नसून संस्थेतच भिनलेला आहे, असं त्याने सांगितलं. तिथे निदान त्यावर रान उठलं, कायदा बदलला. तरीही 2023 मध्ये बॅरोनेस केसी यांना लंडन पोलिसांबद्दल जवळपास तेच पुन्हा लिहावं लागलं. तेव्हा नुसत्या अहवालांवर माझीही फार भिस्त नाही. आपल्याकडे तर सरकारने श्रीकृष्ण अहवाल एकतर्फी ठरवून वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि विषय मिटवला.

मग तक्रार करायची कुणाकडे? 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्या-जिल्ह्यांत पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असंही म्हटलं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून प्राधिकरण आणलं, पण कारणं नोंदवून शिफारस नाकारायची मुभा सरकारने स्वतःच्या हाती ठेवली. बंधनकारक या अटीचा जीवच त्यात काढून घेतला.

सरकार ही मुभा कशी वापरेल, याचा अंदाज 2024 च्या डिसेंबरने दिला. पुन्हा परभणी. 10 डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, म्हणजे विमुक्त जातींच्या यादीतला, कायद्याचा विद्यार्थी. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आणि त्यांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी मारहाण झाली नसल्याचं आणि त्याला श्वसनाचा आजार असल्याचं सांगितलं. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा, एवढ्या एका मागणीसाठी त्याच्या आईला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तर त्याविरुद्ध राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे 30 जुलैला सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं. नुसती एफआयआर व्हायला साडेसात महिने आणि दोन वरिष्ठ न्यायालयं. इथे एखादा शिपाई हटून बसला असता तर समजू शकलो असतो. सरकारच्या वतीने सरकारी वकील उभे राहिले, सरकारी खर्चाने.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. तो आहे, पण तो अनुसूचित जाती-जमातींपुरता. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तीच माणसं, तीच भाषा, तोच संशय; जिल्ह्याची हद्द ओलांडली की संरक्षण संपतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर राज पारधी विमुक्तांत. उचलून नेणारं पथक असा भेद करत नाही, फक्त कायदा करतो. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या इदाते आयोगापर्यंत कितीतरी समित्या या याद्यांच्या घोळावर बसल्या. घोळ आहे तिथेच आहे.

कोर्टांनी आपल्या बाजूने बरंच सांगून झालं आहे. 2014 मध्ये गुजरातच्या किशनभाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना आदेश दिला की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निकाल तपासावा, चूक तपासाची असेल तर जबाबदार अधिकारी निश्चित करावा आणि त्याच्यावर कारवाई करावी. मे 2024 मध्ये अमानतुल्ला खान खटल्यात कोर्टाने हिस्ट्रीशीटचा प्रश्न दिल्लीपुरता न ठेवता सगळ्या राज्यांपुढे ठेवला. विमुक्त जातींतल्या निरपराधांची नावं केवळ जातीमुळे पोलिसांच्या वहीत चढतात, या तक्रारीची दखल घेतली. 3 ऑक्टोबर 2024 ला सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल आला आणि तुरुंगातल्या रजिस्टरांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला गेला. तुरुंगाच्या रजिस्टरातला रकाना जाईल. पण ठाण्यातल्या वहीत कुणाचं नाव कुणी, कोणत्या तारखेला, कोणत्या पुराव्यावर चढवलं आणि ते किती वर्षांनी उतरणार, हे आजही बाहेरच्या कुणाला कळत नाही. नोंद करणाऱ्याची सही नावासमोर असावी आणि ठरावीक मुदतीत नवा गुन्हा सिद्ध झाला नाही तर ती नोंद आपोआप रद्द व्हावी, एवढी साधी अट घातली तरी पहाटेच्या कोम्बिंगचा निम्मा आधार जाईल.

आणि पोलिसाच्या बाजूची मुदत? नियम 27 मधली चार वर्षं घटनेपासून न मोजता, खोटं गोवल्याचा निष्कर्ष कोर्टाने नोंदवल्याच्या दिवसापासून मोजावीत. ही दुरुस्ती राज्याच्या हातातली आहे, त्यासाठी दिल्लीकडे बघायचं कारण नाही. ‘निवृत्त माणसाला म्हातारपणी कशाला छळता’ असं कुणी म्हणालं, तर विशीत आत गेलेला माणूस चाळिशीच्या उंबऱ्यावर बाहेर येतो, त्याच्याकडे बोट दाखवावं.

याहून सोपं कामही आहे, त्याला नियमही बदलावा लागत नाही. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल पोलिसाला मिळालेलं बक्षीस त्याच्या सेवापुस्तिकेत चढतं, बढतीच्या वेळी ते वाचलं जातं. बक्षीस अटकेनंतर लगेच मिळतं, निकाल दहा वर्षांनी लागतो आणि तोवर ती पुस्तिका पुन्हा कुणी उघडत नाही. आरोपीला गोवल्याचं कोर्टाने म्हटलं की त्या बक्षिसाच्या नोंदीसमोर निकालाचा क्रमांक आणि तारीख लिहावी, बक्षीस रद्द करावं, असं एक परिपत्रक गृहखात्याने काढावं. काढायचं नसेल तर का नाही, ते विधिमंडळात उभं राहून सांगावं.